झाकून ठेवलेलं ताट

सोम. ६ जाने. १९९७

तात्पुरतं, म्हणे. तात्पुरतं! इंग्रजांच्या या देशात माझे केस पांढरे झाले, तात्पुरती म्हणून सुरू झालेली एक गोष्ट संपलेली मी बघितली नाही. म्हाताऱ्यांच्या ज्या सेंटरवर मी स्वयंपाक करते, तिथल्या किचनमागं तात्पुरती ताडपत्री लावली होती, तिच्यावर आता शेवाळ आलंय.

सकाळी मॅनेजर जॅनेट हसत हसत आली. ती हसत आली की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. आजपासून आपल्या म्हाताऱ्यांची जेवणं साडेअकराला उरकायची. साडेबाराला दुसरी पंगत. कोणाची? बाहेरच्या देशातनं आलेत, इथं आसरा द्या म्हणून असायलमचा अर्ज केलाय, आणि इमिग्रेशनवाले निकाल लावत नाहीत, त्या लोकांची. सरकारनं त्यांचा बेनिफिट, म्हणजे सरकारी भत्ता, बंद केला. कोणीतरी कोर्टात गेलं. जज म्हणाला, माणसं उपाशी ठेवता येणार नाहीत, कौन्सिलनं, म्हणजे इथल्या म्युनिसिपालटीनं, सांभाळा. कुठल्या कायद्यानं? तर दुसऱ्या महायुद्धानंतर म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी केलेला एक जुना कायदा आहे, त्यानं. म्हणजे पैसा कुठल्या डब्यातनं? म्हाताऱ्यांच्याच.

त्यांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, अन्नच द्यायचं असं ठरलंय. मग कौन्सिलला आठवलं, अरे, आपली ती डाळभातवाली बाई आहे की.

गॅस तोच, पातेली तीच, हात माझे दोन. इमि.वाल्यांनी आपलं ओझं कौन्सिलच्या दारात टाकलं. कौन्सिलनं ते माझ्या पातेल्यात टाकलं. मी कुठं टाकू?

शुक्रवारची खीर बंद. पेंडसेकाकांना सांगितलं तर माझ्याकडं असे बघायला लागले जशी मीच ती सगळी खीर प्यायले.

बुध. ८ जाने.

दुसऱ्या पंगतीचे नियम. जॅनेट दारात कागद घेऊन बसणार. आला त्याच्या नावापुढं टिक. टेबलाशी बसूनच खायचं. बाहेर काही न्यायचं नाही, कारण बाहेर नेलेलं खाऊन कोणी आजारी पडलं तर कौन्सिलवर येतं. आणि जो येत नाही त्याला गरज नाही असं धरायचं.

आज एका माणसानं चपाती कोटाच्या खिशात घातली. जॅनेटनं ती काढायला लावली, "सॉरी, सॉरी" म्हणत. चांगला बापयमाणूस, दाढी पांढरी. मी हॅचमधनं, वाढायच्या खिडकीतनं, बघितलं. मला लाज वाटली. आणि माझं काही नसताना मला लाज वाटायला लावली म्हणून जास्तच राग आला.

वर आणखी एक उंच बाई. सोमालियाची, माझ्याच वयाची असेल, डोक्यावरनं मोठी चादर घेतलेली. ताट घेऊन सरळ किचनमध्ये आली. माझ्या किचनमध्ये! डाव उचलला, आमटी ढवळली, चमचाभर हातावर घेतली, चाटली.

"सिस्टर. नो सॉल्ट."

मी म्हटलं, बाहेर. आऊट. म्हाताऱ्यांना ब्लडप्रेशर असतं, डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय, तुला काय कळतंय. ती गेली. पण जाताना शेगडीवरचं भाताचं झाकण सारखं करून गेली. वाफ जात होती, माझ्या लक्षात नव्हतं.

नाव हलीमा.

पेंडसेकाका जेवून झालं तरी उठत नाहीत, दुसरी पंगत बघायला थांबतात. "विमलबाई, आम्ही इतकी वर्षं टॅक्स भरला. आम्ही रांगेत उभं राहून आलो. हे लोक..."

रेबेकामावशी शेजारीच. पेणकर आडनाव, मुंबईच्या ज्यू, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्या म्हणाल्या, "पेंडसे, तुमच्या मेव्हण्यानं तिकीट पाठवलं आणि तुम्ही विमानात बसलात. कुठली रांग? बाथरूमची?"

काका उठले एकदाचे.

संध्याकाळी नीताला फोन केला. पोरगी त्याच कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसला, राहते वॉटफर्डला. म्हटलं, हे काय चालवलंय तुम्ही.

"मम्मी, आम्ही काय करणार? हे लोकांनी एअरपोर्टवर असायलम मागितला असता तर बेनिफिट मिळाला असता. आत येऊन मागितला तर नाही."

"का?"

"रूल आहे."

"विमानातनं उतरलेल्या माणसाला बाहेर जायचा रस्ता सापडत नाही, तो काय मागणार?"

"मम्मी, डोंट शाऊट ॲट मी. मी रूल केला नाही."

कोणीच केला नाही. मीच केला असेल.

सोम. १३ जाने.

दुसरी पंगत आज निम्मी रिकामी. भात उरला, भाजी उरली. सगळं काळ्या पिशवीत. जॅनेट खूश, आकडा खाली आला म्हणे.

हलीमा आली होती. ताट पुढं घेतलं, हात मांडीवर, नुसती बसून राहिली. अन्न गार झालं, आमटीवर साय धरली. मी बाहेर गेले. खायचं नाही तर आलीस कशाला? मी पहाटे उठते ती पिशवीत टाकायला?

रेबेकामावशी कोट घालत होत्या. "विमल, अगं रमजान लागलाय. रोजा आहे तिचा. पाणीसुद्धा चालत नाही त्यांना, दिवस मावळेपर्यंत."

"मग येते कशाला?"

"टिक मिळाली पाहिजे ना. आली नाही तर गरज नाही असं धरणार, तूच सांगत होतीस."

मी जॅनेटला विचारलं, डब्यात भरून देऊ का. नाही. नियम. ओव्हनमध्ये ठेवून दिवस मावळल्यावर वाढू का, थंडीत इथं साडेचारच्या सुमाराला मावळतोच. साडेचारला हॉलमध्ये कराटेचा क्लास असतो.

तिचं ताट पिशवीत उपडं करताना ती बघत होती. मी पाठ केली.

मंगळ. १४ जाने.

सासूबाईंची चतुर्थी असायची तेव्हा त्यांना कोणी पंगतीकडं फिरकूसुद्धा देत नसे. उपाशी माणसासमोर वाढलेलं ताट मांडायचं म्हणजे थट्टा. त्यांचं ताट वेगळं वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून फडताळात ठेवायचं. चंद्र उगवला की काढायचं. घरातल्या लहान पोरालाही हे सांगावं लागत नव्हतं.

आज हलीमाला हाताला धरून किचनमध्ये नेलं. खुणेनं, मोडक्या इंग्रजीनं सांगितलं. उद्यापासून दुपारी यायचं नाही. नो कम. घरी पडून राहायचं. साडेचारला मागच्या दारी यायचं, ताट झाकून ठेवते.

ती म्हणाली, "टिक?"

मी म्हटलं, टिकचं मी बघते. जॅनेटला मी ओळखते.

तिनं माझा हात डोळ्याला लावला. मला असलं आवडत नाही. पुढं काय बोलायचं कळत नाही.

गुरु. १६ जाने.

जॅनेटला म्हटलं, हलीमाचा उपास आहे, ती दुपारी येणार नाही, टिक करून टाक. "ओ ब्लेस हर," म्हणाली. म्हणजे झालं काम.

साडेचारपर्यंत थांबावं लागतं. बस चुकते. पाय दुखतात. मीच ओढवून घेतलंय, कोणाला सांगू.

सोम. २० जाने.

ती आता चारलाच येते. मी नको म्हटलं तरी पातेली घासते. बुडाचं काळंसुद्धा काढते. किस्मायोला बंदरावर तिची खानावळ होती, जहाजावरच्या लोकांना जेवू घालायची. लढाईत नवरा गेला, खानावळ गेली. मुलगा नैरोबीत कोणाकडं तरी आहे. ज्या माणसानं विमानात बसवलं त्यानं सांगितलं होतं, उतरल्यावर तोंड उघडायचं नाही, नाहीतर त्याच विमानानं परत. म्हणून नाही उघडलं. दोन दिवसांनी स्वतः ऑफिस शोधत गेली आणि उघडलं. झाला गुन्हा.

आज उद्याची उसळ शिजत होती. तिनं नुसता वास घेतला, तोंडात काही घातलं नाही. "सिस्टर. नो सॉल्ट."

खरंच नव्हतं. घालायचं राहिलं होतं.

बाकीचे तीन रोजेवाले दुपारी येतात, ताटासमोर बसतात, टिक घेतात, तसेच जातात. मी म्हटलं बघा कसले वेडे.

रवि. २६ जाने.

संकष्टी. घरी एकटीच. हे होते तेव्हा गच्चीत जाऊन चंद्र बघून यायचे. आता कोण जातंय. हलीमाला पत्ता दिला होता, म्हटलं रविवारी सेंटर बंद, इकडं ये. आली. सोबत खजूर. दिवस मावळला तशी तिनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, घट घट आवाज आला. तिला भाजी-चपाती वाढली. माझं ताट झाकलेलं.

"यू? ईट."

मी म्हटलं माझा चंद्र उगवायचाय. मून. कॅलेंडरात मुंबईची वेळ, त्याचा इथं काय उपयोग. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या. बाहेर नुसता ढग, दिव्याचा पिवळा उजेड, समोरच्याची सॅटेलाइट डिश.

ती म्हणाली, "माय सन गुड. गो डाऊन, फिनिश. युवर मून नो गुड."

आणि हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली, दाढेत सोनं आहे. मीही हसले. म्हटलं बाई, या देशात सूर्यसुद्धा भरवशाचा नाही, तुझं नशीब चांगलं.

शेवटी ढगाला नमस्कार केला आणि जेवले. देव काय कौन्सिल नाही.

बुध. २९ जाने.

हलीमा चारला आली, पातेल्याला हात लावला नाही. कोटाच्या आतनं कागद काढला. मला इंग्रजी फार वाचता येत नाही, पण कौन्सिलचा शिक्का ओळखते. रेबेकामावशींना फोनवर एकेक अक्षर सांगून अर्थ लावला.

जेवणाला हजर राहत नाही, म्हणजे दुसरी काही सोय आहे. म्हणून मदत बंद. मदत बंद म्हणजे कौन्सिलनं दिलेली खोलीही बंद. सोमवार १० फेब्रु.ला खोली रिकामी करायची.

मी जॅनेटकडं गेले. तू टिक करत नव्हतीस?

"विमल, मी नसलेल्या माणसाला टिक कशी करणार? मला वाटलं तू मला नुसतं सांगतेयस."

ब्लेस हर म्हणाली होती. म्हणाली होती की नाही?

ते तीन वेडे गार ताटासमोर बसून टिक घेऊन गेले, ते राहिले. माझं ऐकलं ती रस्त्यावर.

गुरु. ३० जाने.

नीताला फोन. म्हटलं, त्या कागदावर सही कोणाची?

"मिस्टर कोलचा. माझा मॅनेजर."

"आणि खाली बारीक अक्षरात कोणाचं नाव?"

ती म्हणाली, "फॉर्म मी भरला, मम्मी. लिस्ट येते, ॲबसेंट असला तर फॉर्म भरायचा. मला काय माहीत ती तुझी हलीमा."

माझी! माझी कधीपासून झाली?

मी म्हटलं, मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. रोज मागच्या दारी ताट देत होते. हे उद्या येऊन तुझ्या साहेबाला सांगते.

"प्लीज नको. ते तुला काढून टाकतील. आणि मला पण कोणी..."

वाक्य पुरं केलं नाही. मी फोन ठेवला. पोरीवर ओरडायचं नव्हतं म्हणून ठेवला. तिला वाटलं असेल रागानं.

शुक्र. ३१ जाने.

टाऊन हॉल. कोल साहेब. तरुण आहे, नखं कुरतडलेली, टेबलावर फायलींचा ढीग, ढिगाच्या वर अर्धं सँडविच. बोलायला गोड. म्हणाला बसा, चहा घेणार का.

मी उभ्यानंच सांगितलं. नियम मी मोडला. रोज मोडला. अन्न मी झाकून ठेवलं, मागच्या दारानं दिलं, रविवारी घरी बोलावून दिलं. तिची चूक नाही. ती उपाशीच होती, फक्त तुमच्या वेळेला नव्हती. लिहून घ्या आणि तिची खोली परत द्या.

त्यानं सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, चला, झालं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, थँक यू, याचा उपयोग होईल. तुम्ही तिला जेवू घालत होता, म्हणजे तिला दुसरा आधार होता. मग ती निराधार नाही. आम्ही मदत देतो ती निराधारांना.

मी म्हटलं, काय?

त्यानं परत सांगितलं, सावकाश, मला इंग्रजी कळलं नसेल म्हणून. कळलं होतं रे. तुमच्याच टेबलावर तुमचंच अन्न खाल्लं तर ती निराधार. तेच अन्न मी झाकून ठेवून दिलं तर तिला आधार.

मी म्हटलं, तुझ्या आईनं तुला ताट झाकून ठेवलं असेल ना कधी उशीर झाला तर? तेव्हा तू निराधार होतास का?

तो लाल झाला. म्हणाला, मिसेस गायकवाड, हे ओझं आमचं नाहीच मुळी. इमि.वाल्यांनी तिचा निकाल लावला तर हा प्रश्नच उरत नाही. आमच्यावर ढकललंय, आणि खर्चायला नवं काही दिलेलं नाही. तुम्ही त्यांना विचारा.

हे मात्र तो मनापासून बोलला. तेवढ्यापुरता मला माणूस वाटला. म्हणून जास्त चीड आली.

सोम. ३ फेब्रु.

रजा टाकली. हलीमाला घेऊन इमि.च्या ऑफिसात. अंधारात निघालो तरी रांग वळणापर्यंत. पाऊस नाही, नुसती ओल. पोरं रडतायत, बाया उभ्या उभ्या पेंगतायत. हलीमा पाणीसुद्धा न पिता उभी. मीही फ्लास्क काढला नाही, तिच्यासमोर कसा काढणार. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं.

आत काच. काचेमागं बाई, चांगली आजीबाईसारखी, गळ्यात मोत्यांची माळ. कागद बघितला. म्हणाली, अर्ज पेंडिंग आहे.

निकाल कधी?

लागेल तेव्हा लागेल.

तोपर्यंत ही राहणार कुठं? खाणार काय?

"दॅट्स द लोकल अथॉरिटी, लव्ह."

मी म्हटलं, लोकल अथॉरिटी, म्हणजे आमची कौन्सिल, म्हणते तुमचं काम आहे.

"दे वुड," म्हणाली, म्हणजे ते तसंच म्हणणार, आणि पुढचा नंबर दाबला.

लव्ह, म्हणे.

बसमध्ये हलीमा खिडकीबाहेर बघत होती. मला म्हणाली, "सिस्टर, आय गो लीड्स?" लीड्सला तिच्या गावची कोणी आहे म्हणे, मशिदीत झोपायला देतात. मी म्हटलं इथनं निघून गेलीस तर स्वतःहून सोडलं असं लिहितील. मग सगळंच संपलं. कुठं जायचं नाही.

परत मीच तिला काय करायचं ते सांगतेय. मागच्या वेळी सांगितलं त्याचं काय झालं.

मंगळ. ४ फेब्रु.

किचनच्या मागच्या दाराला कुलूप. नवंकोरं. ताडपत्री बदलायला यांना वेळ नाही, कुलूप एका दिवसात आलं.

जॅनेटनं मला ऑफिसात बोलावून ताकीद दिली. परत असं झालं तर नोकरी नाही. मग रडली. मी तिला टिश्यू दिला. माझी नोकरी जायची पाळी, रडते ती.

आणि आणखी एक. मार्चनंतर म्हाताऱ्यांचा क्लब आठवड्यातनं दोनच दिवस. दोन्ही पंगती परवडत नाहीत. एका पंगतीबद्दल कोर्टानं सांगितलंय, ती बंद करता येत नाही. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांची.

पेंडसेकाका म्हणाले, "बघा. मी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं? या लोकांनी आमच्या तोंडचा घास..."

माझ्या हातात झारा होता. म्हटलं, "काका, तुमची खीर हलीमानं खाल्ली नाही. तिला खीर म्हणजे काय तेही माहीत नाही. ज्यांनी तुमची खीर खाल्ली ते कधी इथं जेवायला येत नाहीत. ते मोठ्या ऑफिसात बसतात. त्यांना ना तुमचं नाव माहीत, ना तिचं. तुम्ही तिच्याकडं बघत बसा, ती तुमच्याकडं बघत बसेल, त्यांना तेच पाहिजे."

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आवाज खाली ठेवा, विमलबाई. मला ऐकू येतं."

एकटे राहतात. इथलं जेवण सोडलं तर टोस्ट खातात, मला माहीत आहे. नको होतं बोलायला. पण बोलले ते खरं.

बुध. ५ फेब्रु.

आज जे झालं ते नीट लिहिते.

साडेअकराला पहिली पंगत वाढली. रेबेकामावशींनी ताटाला हात लावला नाही. मी म्हटलं बरं नाही का?

"उत्तम आहे. हे झाकून ठेव. मी साडेचारला जेवेन."

"मावशी, तुमची साखर..."

"आमच्यातही उपास असतात. म्हातारी झाले तरी विसरले नाही. झाकून ठेव म्हटलं ना."

मी वर ताट पालथं घातलं. शेजारच्या शहाबेननी बघितलं, त्यांनी आपलं पुढं सरकवलं. मग पलीकडचे सरदारजी. हळूहळू टेबलंच्या टेबलं. कोणी भाषण केलं नाही, काही नाही. नुसता ताटावर ताट ठेवल्याचा आवाज.

पेंडसेकाका म्हणाले, "मी डायबेटिसवाला आहे. मला हे जमणार नाही." आणि घास घेतला. सगळ्यांची झाकलेली ताटं बघितली. दुसरा घास हातात धरून बसले. मग तो ताटात ठेवला आणि मला म्हणाले, "झाका. पण मला बिस्कीट लागेल." टेबलाखाली बिस्कीट खाल्लं, चोरासारखं. चुरा धोतरभर. नाही, पँटभर. चिडले की ते मला धोतरात दिसतात.

साडेबाराला हलीमा समोरच्या दारानं आली. आता तिच्या नावाला टिक नाही, तरी आली. झाकलेली ताटं बघितली, कोणीच जेवत नाही. तिला वाटलं कोणीतरी वारलं.

जॅनेट पांढरीफटक. कोल साहेबाला फोन. म्हातारी माणसं कौन्सिलच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडली तर कोणावर येणार? हा विचार त्यांना बरोबर सुचतो. तो म्हणाला वरच्यांना विचारतो. वरचे म्हणाले इमि.ला विचारतो. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.

साडेचारला कराटेची पोरं पांढरे कपडे घालून दारात, आणि आत आमची म्हातारी माणसं गार आमटीभात खातायत. हलीमा मध्ये. तिनं खजूर वाटले. काकांनी घेतला नाही. मग घेतला, म्हणाले, अर्धाच.

आमटीत मीठ होतं. मी विचारलं तिला.

गुरु. ६ फेब्रु.

नीता आली. वॉटफर्डवरनं, कामावरनं तशीच, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र. कोट काढला नाही.

"मम्मी, ऑफिसमध्ये सगळे बोलतात. माझी मदर आहे हे त्यांना माहीत झाला."

"मग?"

"मग काय? यू डोंट केअर?"

मी म्हटलं, मला शाळेत तिसरीपर्यंत घातलं. पुढं शेतावर. तुला शिकवलं ते असले फॉर्म भरायला नाही शिकवलं. हे लागलं तिला. मला माहीत होतं लागेल, म्हणूनच बोलले.

ती म्हणाली, तू समजतेस मी रात्री नीट झोपते? रोज वीस लोकं येतात काउंटरला, मम्मी. मी त्यांना काय सांगू? माझ्याकडं रूम नाही, पैसे नाही, काय पण नाही. वर बसलेले लोक मला लेटर पाठवतात, ड्यू टू प्रेशर. आणि शिव्या मी खाते. आणि आता घरी येऊन पण मीच.

मग टेबलाशी बसून रडली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. ताट वाढलं. कोट घालूनच जेवली.

जेवल्यावर म्हणाली, बोल. काय लिहायचं आहे तुला? तू बोल, मी इंग्लिशमध्ये लिहिते.

म्हटलं, अक्षर ओळखतील तुझं.

"ओळखू दे."

मी बोलले, तिनं लिहिलं. मध्येच म्हणाली, मम्मी, असं नसतं लिहायचं, आधी डिअर सर लिहायचं. म्हटलं, लिही डिअर सर. पुढचं मी सांगते तसंच. एक प्रत कोल साहेबाला, एक इमि.च्या काचेला. उद्या सकाळी मी स्वतः दोन्हीकडं हातात देणार, पोचल्याची सही घेणार. सेंटरला जाणार नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. सोमवारी त्या खोलीला कुलूप लागणार, आणि कुलपं तुम्ही किती लवकर लावता ते मी बघितलंय.

माझ्याजवळ राहावं म्हणून मराठीत इथं उतरवून ठेवते:

डिअर सर. हलीमा उपाशी होती. मी तिला जेवू घातलं, म्हणून तुम्ही म्हणता ती निराधार नाही. आता मी जेवू घालणं बंद केलं तर ती निराधार होईल का? किती दिवस उपाशी राहिली म्हणजे होईल? कौन्सिल म्हणते ही इमिग्रेशनची. इमिग्रेशन म्हणतं ही कौन्सिलची. सोमवारी ती खोलीबाहेर असेल आणि तुम्ही दोघं आपापल्या खोलीत असाल. शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत मला लेखी सांगा, ही बाई कोणाची. तुमची नसेल, त्यांची नसेल, तर ती कोणाचीच नाही असं कागदावर लिहा आणि खाली सही करा. नाव पूर्ण लिहा. बारीक अक्षरात नको.